कुरळ्या केसांचा रविवार

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला आमच्या बाथरूममधून एक किंकाळी ऐकू यायची. बंगळुरूतल्या ज्या इमारतीत आम्ही राहतो तिथल्या भिंती पातळ आहेत आणि शेजारी प्रेमळ. वरच्या मजल्यावरच्या आंटी एकदा खाली येऊन दार वाजवून विचारून गेल्या, "मगू याके अळता इदे?" बाळ का रडतंय? ताईने ओल्या हातानेच दार उघडलं. हातात कंगवा, कंगव्यात केसांचा पुंजका. "हेअर वॉश, आंटी," ती म्हणाली. आंटींनी आत डोकावून पाहिलं, सगळं समजल्यासारखी मान हलवली आणि निघून गेल्या.

हे बाळ म्हणजे माझी साडेचार वर्षांची भाची. घरात आम्ही तिला चिऊ म्हणतो, इथेही तेच म्हणू. दाट, काळेभोर आणि पेन्सिलीला गुंडाळून सोडल्यासारखे कुरळे असे तिचे केस आहेत. कोरडे असताना खांद्याला टेकतात, ओले झाले की पार पाठीवर उतरतात. लिफ्टमध्ये भेटणारं प्रत्येक माणूस "सो क्यूट!" म्हणत त्यात बोटं घालतं. (घालू नका, प्लीज. पोर काही सोफ्यावरची उशी नाही.) त्या क्यूटपणाचा हिशेब आठवड्यातून एकदा बाथरूममध्ये चुकता व्हायचा.

हे सदर वाचून बऱ्याच जणी मला विचारतात, तुला मुलं किती? एकही नाही. मी मावशी आहे. नोकरीसाठी बंगळुरूला आले, ताईकडे राहते, आणि भाड्याच्या बदल्यात चिऊला सांभाळते असं जिजू म्हणतात. पण केसांच्या बाबतीत घरातली अनुभवी बाई मीच असायला हवी होते. कारण चिऊचे केस थेट माझ्यावर गेलेत, आणि माझे आमच्या बाबांवर. आई आणि ताई दोघींचे केस सरळ, रेशमासारखे. म्हणजे आमच्या घरात दोन पिढ्या हाच खेळ चाललाय. आई सरळ केसांची, लेक कुरळ्या केसांची, आणि मधे कंगवा.

माझं लहानपण आठवायचं तर ते आईच्या दोन गुडघ्यांच्या मधे बसून आठवावं लागतं. शाळेची घाई, डोक्यावर तेल थापलेलं, आणि माथ्यावर कंगवा टेकवून सरळ खाली ओढायची आईची पद्धत. कंगवा दोन इंच जायचा आणि अडकायचा. मग जोर. मग माझं रडणं, मग एक धपाटा. पहिलीत असताना एके दिवशी आईने मला न्हाव्याकडे नेऊन बॉयकट करून आणला, तो चौथीपर्यंत राहिला. कॉलेजला गेल्यावर साठवलेल्या पैशांतून मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर केस सरळ करून घेतले. एकदा नाही, दोनदा. त्यामुळे ताईने जेव्हा मला विचारलं, "तू कशी सांभाळायचीस गं तुझे केस?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ते कधी सांभाळलेच नव्हते. आधी कापले, मग मोडले.

हे इतके दिवस बोचलं नव्हतं. बोचलं ते चिऊच्या एका प्रश्नाने. शाळेत कुणीतरी तिला मॅगी म्हणालं होतं. रात्री झोपताना माझ्या केसांवरून हात फिरवत ती म्हणाली, "माऊ, तुझे केस सरळ झाले ना. माझे कधी होणार?" साडेचार वर्षांच्या मुलीला आपले केस म्हणजे एक दुखणं आहे आणि मोठं झालं की ते बरं होतं असं वाटत होतं. तसं वाटायला मीच तिच्यासमोर उदाहरण म्हणून वावरत होते.

तर मग मी बसले शिकायला. सांगते ते सगळं त्यानंतरच्या आठ-दहा महिन्यांत वाचून, विचारून आणि चुकून शिकलेलं आहे.

पहिलं म्हणजे केस कुरळा का असतो. केस ज्या सूक्ष्म खाचेतून उगवतो त्या खाचेच्या आकारावर बरंच काही ठरतं. सरळ केस आडवा कापून पाहिला तर गोल दिसतो, कुरळा चपटा, लंबगोल. हे सगळं कातडीच्या खाली ठरतं. म्हणून "जावळ नीट काढलं नाही, नाहीतर सरळ आले असते" ही जी चर्चा आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात होते, तिला अर्थ नाही. वस्तरा कातडीच्या वर फिरतो, केस खालून येतो. जावळ हौसेने काढा, पण केसांचा स्वभाव बदलावा म्हणून चार-चार वेळा पोराचा गोटा करू नका. बाळपणी सरळ असलेले केस पुढे आपोआप कुरळे होतात किंवा उलटही घडतं, ते वाढत्या वयामुळे.

दुसरं, टाळूला सुटणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरगुंडीवरून उतरावं तसं टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसावर त्याला घाटातली वळणं घ्यावी लागतात, ते मधेच अडकतं. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं मात्र वाळलेल्या गवतासारखी, असं दिसतं. केसावर कौलांसारखे बारीक पापुद्रे असतात. कोरड्या केसाचे हे पापुद्रे उचललेले राहतात आणि एका केसाचे दुसऱ्यात अडकतात. त्यात प्रत्येक केस स्वतःभोवती वळलेला. गुंता होणार नाही तर काय होईल? म्हणजे चिऊ "केस सांभाळत नाही" म्हणून गुंता होत नव्हता. तिने दिवसभर पुतळ्यासारखं बसून राहायचं ठरवलं असतं तरी झाला असता.

तिसरी गोष्ट कळली तेव्हा मात्र मला आमच्या अख्ख्या खानदानाचा राग आला. ओल्या केसांत कंगवा घालू नये, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ओला केस जास्त ताणला जातो आणि तुटतो, म्हणून सरळ केसांसाठी ते बरोबरच आहे. पण कुरळ्या केसांना नियम उलटा. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी ही तिकडच्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते की घट्ट कुरळे केस ओलसर असतानाच विंचरावेत, आणि तेही मोठ्या दातांच्या कंगव्याने. आम्ही काय करत होतो? नहायच्या आधी कोरडे केस विंचरायचे, मग धुवायचे, मग टॉवेलने खसाखसा पुसायचे, मग वाळले की पुन्हा विंचरायचे. प्रत्येक पायरी चुकीची. माझ्या बाबतीत सगळ्या पायऱ्या पंधरा वर्षं.

आता आमचा सध्याचा रविवार सांगते. हा काही सरकारी नियम नाही, तुमच्या मुलाच्या केसांप्रमाणे कमी-जास्त करा.

आदल्या रात्री किंवा नहायच्या तासभर आधी खोबरेल. थापायचं नाही, बोटांनी टोकांकडे जास्त आणि टाळूला थोडं. खोबरेलाबद्दल आजीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल अशी तुलना करून पाहिली, तेव्हा धुण्यामुळे केसातलं प्रथिन निघून जाण्याचं प्रमाण फक्त खोबरेलानेच ठळकपणे कमी केलं. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हे ध्यानात ठेवूनच वाचायचं. पण आमच्याकडे फरक दिसला.

मग बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल. चिऊ त्यावर ताठ बसते, हातात तिचं एक रबरी बदक आणि कपाळावर हातरुमालाची घडी. ही घडी तिने स्वतःच्या हाताने धरायची असते. पूर्वी आम्ही तिला मांडीवर उताणी झोपवून डोक्यावर पाणी ओतायचो. मोठ्या माणसाला तसं झोपवून तोंडावर मगभर पाणी ओतून बघा, तोही किंचाळेल. निम्मं रडणं केसांचं नव्हतंच, नाकात जाणाऱ्या पाण्याचं होतं. घडी तिच्या हातात आली आणि "थांब" म्हटल्यावर पाणी खरंच थांबायला लागलं, त्या दिवसापासून आवाज निम्म्यावर आला. मला तर वाटतं हीच एक गोष्ट केली असती तरी अर्धं काम झालं असतं.

शॅम्पू फक्त टाळूला, आणि तोही थोडासा. केसांची लांबी चोळायची नाही, कपडे धुतल्यासारखं वर गोळा करून घासायचं तर अजिबात नाही. खाली ओघळणाऱ्या फेसाने लांबी आपसूक धुतली जाते. आठवड्यातून एकदा पुरतं. वाळूत लोळून आली तर मधे एखादा दिवस नुसतं पाणी आणि कंडिशनर.

शिकेकाईबद्दल आई फार आग्रही. शिकेकाईत आणि रिठ्यात साबणासारखा फेस करणारे घटक निसर्गतःच असतात, त्यामुळे केस स्वच्छ होतात हे खरंच. पण दोन अडचणी आहेत. डोळ्यात गेली तर पोर आठवडाभर बाथरूमकडे फिरकत नाही, आणि तिची पूड कुरळ्या केसात जी बसते ती बुधवारपर्यंत झडत राहते. वापरायचीच असेल तर उकळून, फडक्यातून दोनदा गाळून, नुसतं पाणी वापरा. आणि अंगाचा साबण डोक्याला नको, निदान बंगळुरूत तरी नको. आमच्या इमारतीत अर्धं पाणी बोअरवेलचं येतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर साचतो ना, तेच कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतं आणि तो केसांवर बसतो. हैदराबाद, चेन्नई, जयपूर, जिथे जिथे बोअरचं जड पाणी आहे तिथल्या वाचकांना मी काय म्हणतेय ते कळेल. शॅम्पूचा असा साका होत नाही. तरी शेवटचे दोन तांबे आम्ही फिल्टरच्या पाण्याचे ओततो. चैन आहे, पण दोनच तांब्यांची.

यानंतर खरं काम. कंडिशनर. मी लहान असताना घरात कंडिशनर म्हणजे "नटव्या बायकांची थेरं" होती. पण त्याचं काम अगदी साधं आहे. केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, कंडिशनरमधल्या काही घटकांवर धन, म्हणून ते केसाला चिकटून राहतात आणि केस केसावरून निसटायला लागतो. सुपारीएवढ्या कंडिशनरने चिऊचं भागत नाही, चांगलं लिंबाएवढं लागतं. केसांचे चार भाग करायचे, तीन चिमट्याने वर बांधायचे, एक हातात घ्यायचा. आधी बोटं. बोटांना गाठ कळते, कंगव्याला कळत नाही. मग कंगवा, आणि तो टोकापासून. शेवटचे दोन इंच सुटले की त्याच्या वरचे दोन इंच, मग त्याच्या वरचे. असं खालून वर चढत टाळूपर्यंत पोचायचं. आणि हे करताना दुसऱ्या हाताने गाठीच्या वरचा केस मुठीत घट्ट धरायचा. हिसका बसला तर तो तुमच्या मुठीला बसतो, पोराच्या टाळूला पोचत नाही.

ही मूठ धरायची गोष्ट मला पंचविसाव्या वर्षी कळली. किती साधी आहे ती. कुणीतरी आईला सांगायला हवी होती.

या बहुतेक युक्त्या मला शिकवल्या त्या इंटरनेटवरच्या कृष्णवर्णीय आयांनी. त्यांच्या लेकींचे केस चिऊपेक्षा कितीतरी घट्ट वळणांचे, आणि ते हाताळायचं ज्ञान त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आईकडून लेकीकडे आलेलं. 'हेअर लव्ह' नावाचा एक छोटा ॲनिमेशनपट आहे, २०२० साली त्याला ऑस्कर मिळालं. त्यात एक बाबा पहिल्यांदाच आपल्या लेकीचे केस बांधायला घेतो. जिजूंनी तो चिऊला मांडीवर घेऊन पाहिला, जेमतेम सात मिनिटांचा आहे, आणि पाहून झाल्यावर काही न बोलता गॅलरीत गेले. पुढच्या रविवारी म्हणाले, मी करतो. आता महिन्यातले दोन रविवार त्यांचे. खरं सांगायचं तर त्यांचा हात ताईपेक्षा हलका आहे. ताई घाई करते. जिजू एका गाठीशी चार-चार मिनिटं बसतात आणि चिऊला इंजिनाचे भाग समजावून सांगतात.

कंडिशनर धुतल्यावर टॉवेल नाही. जुनं सुती टी-शर्ट किंवा आजीच्या मऊ पडलेल्या लुगड्याचा तुकडा घेऊन केस नुसते मुठीत दाबायचे, घासायचे नाहीत. मग थोडी जवसाची जेल. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरायला लागलं की गरम असतानाच गाळायचं. थंड झालं की गाळता येत नाही, हे मी एक चांगली गाळणी गमावून शिकले. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. जास्वंदीच्या पानांचा चीकही चालतो, घरासमोर झाड असेल तर. त्यानंतर केस वाळेपर्यंत हात लावायचा नाही, आणि वाळल्यावर कंगवा लावायचा नाही. सकाळी शाळेच्या आधी स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर, चार फवारे, बोटं, रबर. रात्री सैल वेणी आणि उशीला सॅटिनचा अभ्रा, कारण सुती अभ्र्यावर केस रात्रभर घासले जातात. शाळेचा हट्ट दोन घट्ट वेण्यांचा असेल तर बाईंशी एकदा बोला. रोज ताणून बांधल्याने कपाळाकडचे केस हळूहळू विरळ होतात, आणि वर्षानुवर्षं ताण राहिला तर ते परत येतीलच असं नाही.

शाळेवरून आठवलं, उवा. उवांना कुरळं-सरळ कळत नाही. कोरड्या कुरळ्या केसात बारीक फणी घालणं म्हणजे छळ, पण कंडिशनर लावलेल्या, सोडवलेल्या ओल्या केसातून फणी सरकते, आणि उवाही त्या निसरड्यात पळू शकत नाहीत. दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. औषध लावायचं असेल तर वय सांगून डॉक्टरांना विचारा.

एवढं सगळं जमायला लागलं होतं आणि मग मार्चमध्ये आई आली.

आई मिरजेला असते. तिचं माहेर गडहिंग्लजजवळ, पार कर्नाटकच्या हद्दीला लागून. ती आली त्या आठवड्यात चिऊला ताप होता. चार दिवस पोर झोपून, डोकं उशीवर घासतंय, घामाने भिजतंय, आणि आम्ही कुणीच केसांकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी आई तिचं अंग पुसत होती. मानेवरचे केस उचलले आणि तिचा हात थांबला. मानेच्या खळग्यापाशी केसांचा एक घट्ट गोळा झाला होता, लिंबाच्या फोडीएवढा. दाबला तरी दबत नव्हता.

मी म्हटलं, "आई, कात्री आणू का?"

"नको." ती इतक्या चटकन म्हणाली की मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. "हात लावू नकोस त्याला. जट आहे ती."

वाचकांपैकी जे कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातले आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगते. डोक्यात केसांचा घट्ट गुंता झाला की ती जट, आणि जट म्हणजे यल्लम्मा देवीचं बोलावणं, अशी समजूत आमच्याकडे खोल रुजलेली आहे. जट कापायची नाही. कापली तर कोप होतो. पूर्वी जट आलेल्या मुलीला सौंदत्तीला नेऊन देवीला सोडायचे, आणि सोडलेल्या मुलीचं पुढे काय व्हायचं ते सगळ्यांना माहीत असायचं. कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने आणि महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने देवदासी प्रथेवर बंदी आहे. पण समजूत कायद्याने निघत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव गावोगावी जाऊन बायकांना समजावतात आणि त्यांच्या संमतीने जटा कापून देतात, हे काम आजही चालू आहे. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. पोलंडमध्ये असाच गुंता कापला तर माणूस आजारी पडतो असं मानायचे. एकोणिसाव्या शतकात क्राकोमधल्या युझेफ डीट्ल नावाच्या डॉक्टरांना लोकांना पटवावं लागलं की हा न धुतल्या-विंचरल्याचा परिणाम आहे, दुसरं काही नाही.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते आईने त्या दुपारी सांगितलं. तिच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत एक मुलगी होती, तिच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी. दाट कुरळे केस. घरात आई नव्हती, डोकं कुणी विंचरायचं? सहावी-सातवीत तिला जट आली. आणि मग एक दिवस ती शाळेत यायची बंद झाली. कपाळभर भंडारा लावून परडी घेऊन गल्लीत आली तेव्हा आईच्या आईने लेकीला घरात ओढून घेतलं होतं. "तुझे केस तसेच होते," आई मला म्हणाली. "मला रोज वाटायचं, आज नाही विंचरले तर उद्या गाठ होईल. गाठ झाली तर कुणीतरी बघेल. तुझ्या आजीने बघितलं असतं तर तिने कापूच दिलं नसतं. मग मीच आधी कापून टाकले सगळे."

मी वीस वर्षं समजत होते की माझा बॉयकट हा आईच्या कंटाळ्याचा परिणाम होता.

त्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. मी खोबरेलाची बाटली आणि कंडिशनर आणलं. चिऊला टीव्हीसमोर पालथी झोपवली, छातीखाली उशी. आई लांब पलंगावर बसून राहिली. घट्ट गोळा सोडवायचा असेल तर पाणी आधी घालायचं नाही, त्याने तो आणखी आवळतो. आधी तेल आणि कंडिशनर बोटांनी आत जिरवायचं आणि वीस मिनिटं विसरून जायचं. मग मधून सुरुवात करायची नाही, कडेचे चार-चार केस आडवे ओढून बाजूला काढायचे. कंगव्याच्या टोकदार शेपटीने उकलायचं, दातांनी नाही. अगदीच हटत नसेल तर कात्री आडवी न धरता उभी, केसाच्या लांबीच्या दिशेने घालून गोळ्याचे दोन भाग करायचे. मग त्यातले बहुतेक केस वाचतात.

पंचवीस मिनिटं झाली असतील. माझी बोटं आखडली होती. मागून आई उठून आली, खाली बसली, आणि म्हणाली, "सरक." मी गाठीच्या वर मूठ कशी धरायची ते तिला दाखवलं. तिने एकदाच पाहिलं. मग दोघींनी दोन्ही कडांनी सुरुवात केली. चिऊने कार्टूनमधून मान वळवून एकदाच विचारलं, "झालं?" आई म्हणाली, "होतंय बाळा." कात्री लागली नाही. शेवटची गाठ सुटली तेव्हा मधून जे निघालं ते दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. गळलेल्या केसांचा एक चुरगळलेला पुंजका आणि स्वेटरची निळी लोकर. देवी नाही, दैव नाही, लोकर. आईने तो पुंजका तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला आणि मग कचऱ्याच्या डब्यात टाकला.

तेव्हापासून मानेच्या खळग्याकडे आमचं रोज लक्ष असतं. स्वेटरची कॉलर, दप्तराचे पट्टे, गाडीतल्या सीटची पाठ, सगळं तिथेच घासतं. दोन मिनिटांचं काम आहे, रात्री गोष्ट सांगता सांगता होतं. आणि एक सांगायचं राहिलं. टाळूवर गोल चकत्या पडून केस जात असतील, खपल्या किंवा पू दिसत असेल, किंवा केस हात लावताच काडीसारखे तुटत असतील, तर तेल-कंडिशनरचे प्रयोग थांबवून मुलाला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या.

आई मिरजेला परत जाताना मोठ्या दातांचा एक कंगवा बरोबर घेऊन गेली. तिच्या स्वतःच्या सरळ केसांना त्याचा काही उपयोग नाही. समोरच्या घरात भाडेकरूंची एक मुलगी आहे म्हणाली, तिची आई तिला फार रडवते.

मी यंदा केस सरळ करून घेतले नाहीत. मुळाशी चार बोटं माझे खरे केस आलेत, खाली जुने सरळ लोंबतायत, आणि ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर मी विचित्र दिसते. मागच्या रविवारी चिऊचं झाल्यावर तिने मला स्टूलवर बसवलं, हातात रबरी बदक दिलं आणि कंडिशनर थापलं. कंगवा मात्र थेट माथ्यावर टेकवला. मी ओरडले. "सॉरी माऊ," ती म्हणाली आणि कंगवा खाली टोकांशी नेला, "रुमाल तू धर."